ड्रोन-उपग्रहांची चित्रं वाचणारे विश्लेषक: सहा महिन्यांत काय शिकवावं, काय सोडावं?

भूगोलवाली:

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. पुढच्या जूनपासून आमच्याकडे उपग्रह आणि ड्रोनच्या प्रतिमा वाचणाऱ्या विश्लेषकांसाठी सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करायचं ठरलंय. विभागात रिमोट सेन्सिंग शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे अभ्यासक्रमाचा मसुदा आपसूक माझ्या गळ्यात पडलाय.

समितीने एक कच्चा आराखडा आधीच हातात ठेवला. पहिला महिना क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), दुसरा गूगल अर्थ इंजिन (उपग्रह-चित्रं ऑनलाइन तपासायला), तिसरा ड्रोन फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजमाप), चौथा पायथन (प्रोग्रामिंग), पाचवा मशीन लर्निंग, सहावा प्रोजेक्ट. ब्रोशरवर हे झकास दिसेल, प्रवेशही होतील. पण यातून बाहेर पडलेल्या मुलाला नेमकं काय येत असेल, ते मला सांगता येत नाहीये.

का, ते सांगते. आमच्या एमएस्सीच्या मुलांना वेल्ह्याकडचं एप्रिलमधलं सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र दिलं आणि वर्गीकरण करायला सांगितलं. पटापट केलं सगळ्यांनी. उतारांवरच्या काळ्या ठिपक्यांना जवळजवळ साऱ्या वर्गाने नाव दिलं 'जळालेलं जंगल'. नकाशा बघून वाटावं, अख्खं खोरं पेटलं होतं. ते राब होते हो! भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजतात ते. वर्गात मावळातला एक मुलगा आहे, त्याच्या घरी दर वर्षी राब भाजतात. त्यानेही जळालेलं जंगलच लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, घरचा राब वरून कधी बघितलाच नव्हता."

इकडे डेटा वाढतच चाललाय. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांचा साठा २००८ मध्ये मोफत झाला. २०१५ मध्ये पहिला सेंटिनेल-२ गेला, २०१७ मध्ये दुसरा, आणि तेव्हापासून दर पाच दिवसांनी १० मीटरचं चित्र फुकट मिळतं. (१० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे एकदम चमकतात.) जुलै २०२५ मध्ये इस्रो-नासाचा निसार उपग्रह गेला, तो रडारने दर १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघणार. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांपासून ड्रोन लग्नातही आहे आणि उसातही. हिशेब करून बघा. एका चौरस किलोमीटरचे सेंटिनेलचे पिक्सेल होतात १० हजार. ५ सेंटिमीटरच्या ड्रोन-चित्राचे होतात ४० कोटी. ते बघणार कोण?

आमची मुलं पुढे विमा कंपन्यांत जातील, पाटबंधारे खात्यात, महापालिकेत जातील, एखाददुसरा संरक्षणाच्या कामातही जाईल. तर या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगा, सहा महिन्यांत काय शिकवावं? आणि काय सोडून द्यावं? दुसऱ्याचं उत्तर मला जास्त हवंय.


पायथन_पुणेकर:

मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डोळ्यांनी चित्र बघायचे दिवस संपत आलेत. तुम्हीच ४० कोटींचा हिशेब दिलाय. माणूस ते बघूच शकत नाही. मशीन लर्निंगचं मॉडेल शोधणार, माणूस तपासणार. त्यामुळे पायथन चौथ्या महिन्यात नको, पहिल्या आठवड्यात आणा.

मी बाणेरला एका कंपनीत आहे, मुलाखती घेतो. मुलं अडतात ती मशीन लर्निंगवर नाही, त्याच्या कितीतरी आधी अडतात. नकाशाच्या यूटीएम प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेत, त्यात पुणे ४३ व्या झोनमध्ये येतं आणि गडचिरोली ४४ व्या, हे माहीत नसतं. दोन लेयर एकमेकांवर बसत नाहीत म्हणून हाताने ओढून बसवलेली फाइल मी पाहिलीय. दुसरा माझा ठरलेला प्रश्न: ड्रोनच्या डेटातून सिंहगडाची उंची काढली, ती टोपोशीटपेक्षा (सरकारी भूनकाशापेक्षा) साठाहून जास्त मीटरने कमी आली. का? बहुतेक जण म्हणतात, ड्रोन खराब असेल. ड्रोन ठणठणीत आहे. जीपीएस उंची मोजतो ती एका गणिती लंबगोलापासून, टोपोशीट मोजते समुद्रसपाटीपासून, आणि आपल्या भागात या दोन पृष्ठभागांत एवढा फरक आहे. हे कळत नसेल तर तो मुलगा धरणाच्या पाण्याची पातळी काढून देईल आणि आपण त्यावर विश्वास ठेवू.

सोडायचं काय म्हणाल तर सॉफ्टवेअरची बटणं. ती दर वर्षी जागा बदलतात. फोटोग्रामेट्रीची सगळी थिअरीही नको. शेजारच्या फोटोंचा ७०-८० टक्के ओव्हरलॅप का लागतो आणि जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (अचूक मोजलेल्या खुणा) कुठे टाकायचे एवढं पुरे.

राबाबद्दल मात्र एक कबूल करतो. मॉडेल जितकं शिकवाल तितकंच शिकतं. बाहेर तयार झालेल्या एका मॉडेलने तळेगावकडची गुलाबाची पॉलिहाऊसेस 'औद्योगिक शेड' म्हणून मोजून दिली होती. लेबल करणाऱ्याने पॉलिहाऊस पाहिलेलं नसेल तर यंत्राला कुठून कळणार? तेव्हा लेबलिंग, म्हणजे मॉडेलला शिकवायला चित्रातल्या वस्तूंना नावं देणं, हा विषय गंभीरपणे शिकवा. तो कमी दर्जाचा समजतात, ते चूक आहे.


खवचट_खान:

सहा महिन्यांत विश्लेषक? आमच्या गल्लीतला खड्डा सहा महिन्यांत बुजत नाही. तो मात्र कुठल्याही उपग्रहातून दिसत असेल.


जुना_स्टिरिओस्कोप:

भूगोलवाली मॅडम, प्रश्न चांगला आहे. उत्तर लांबेल. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे.

आयुष्यभर हवाई आणि उपग्रह-चित्रं वाचली. कुठे, कोणासाठी, ते विचारू नका. आता सहकारनगरात राहतो आणि नातवाच्या लॅपटॉपवर तळजाईची झाडं मोजतो.

बाणेरच्या साहेबांचं उंचीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण शोधणं, ओळखणं आणि अर्थ लावणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिलं यंत्र आमच्यापेक्षा उत्तम करतं. दुसरं बऱ्यापैकी करतं. तिसऱ्यात ते फसतं आणि माणूस त्याहून जास्त फसतो, कारण माणसाला आपण फसतोय हे पटत नाही. तुमचा कोर्स तिसऱ्यासाठी हवा.

इराकचं उदाहरण घ्या. २००३ च्या युद्धाआधी अमेरिकी विश्लेषकांना संशयित ठिकाणांवर एका विशिष्ट प्रकारचे टँकर दिसत होते. ते रासायनिक अस्त्रांशी जोडलेले आहेत असं त्यांनी धरलं. पुढे त्यांना दिसलं की हालचाल वाढलीय. निष्कर्ष काढला, इराक पुन्हा कामाला लागला. युद्धानंतर अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. मार्च २००५ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक नवशिक्याला सांगत आलो. त्या काळात उपग्रहांनी त्या जागांचे फोटो घेण्याचं प्रमाणच वाढवलं होतं. जास्त वेळा बघितलं म्हणून जास्त वेळा दिसलं. जमिनीवर काही वाढलं होतं की नाही, हे त्या चित्रांवरून सांगताच येत नव्हतं. आणि विश्लेषकांना आपण जास्त वेळा बघतोय हेच पुरतं ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या डेटाच्या वाढीकडे बघा. दर पाच दिवसांनी चित्र, वर ड्रोन. हाच सापळा प्रत्येक मुलापुढे रोज लावलेला आहे. यावर धडा असा घ्या. भीमेच्या पात्रात दौंडकडे वाळूचे नवे ढीग किती वेळा दिसले ते २०१६ आणि २०१९ या दोन वर्षांसाठी मोजायला सांगा. २०१६ मध्ये सेंटिनेल-२ एकच होता, २०१९ मध्ये दोन. बहुतेक मुलं 'उपसा वाढला' लिहितील. मग सांगा, दर वर्षी ढग नसलेली चित्रं किती मिळाली ते मोजा आणि त्याने भागा. कदाचित तरीही वाढलेला निघेल. पण मग तो आकडा बोलण्यासारखा असेल.

पोखरणचं आपल्याकडे मिटक्या मारत सांगतात. ११ मे १९९८, रात्री काम, सकाळी यंत्रं जागच्या जागी, उपग्रह फसला. खरं आहे, अभिमानही आहे. पण नंतर अमेरिकेत ॲडमिरल जेरेमाया यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा बोट ठेवलं ते विश्लेषकांच्या मनातल्या गृहीतकावरही: भारतातलं नवं सरकार आपण अमेरिकनांनी केला असता तसाच विचार करेल. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रांबद्दल उघड लिहिलं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही. यासाठी कुठला उपग्रह लागत होता?

आता प्रत्यक्ष शिकवणं. आम्हाला दोन रकाने आखायला लावायचे. डावीकडे 'दिसतं', उजवीकडे 'वाटतं'. डावीकडे छटा, पोत, आकार, मोजमाप, सावली, रचना, ठिकाण, शेजारी काय आहे, एवढंच. वस्तूचं नाव डाव्या रकान्यात आलं की कागद परत. तुमच्या मुलांनी 'जळालेलं जंगल' हे डावीकडे लिहिलं, गडबड तिथेच झाली. डावीकडे यायला हवं होतं: लहान, गडद, तुटक, कडा साधारण सरळ, भातखाचरांच्या अगदी वर. एवढं लिहिलं असतं तर तो मावळातला मुलगा स्वतःच थबकला असता.

सावलीवर एक पूर्ण दिवस द्या. सेंटिनेल-२ आपल्यावरून जातो तो सूर्याच्या घड्याळाने साडेदहाला, म्हणजे आपल्या घड्याळात अकराच्या सुमारास. डिसेंबरात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या वायव्येला पडतात. आपल्या मेंदूला मात्र उजेड वरून यायची सवय. त्यामुळे तोरण्याच्या आसपासच्या दऱ्या डोंगरासारख्या दिसतात आणि डोंगर दऱ्यांसारखे. चित्र उलटं धरा, सगळं जागेवर येतं. मोठमोठी माणसं यात चकलेली पाहिलीत. मॉडेल चकत नाही, हे बाणेरकरांच्या खात्यात जमा.

रडार. सगळे म्हणतात, पावसाळ्यात ढग आहेत, रडार वापरा. बरोबर. पण रडारवर शांत पाणी काळं दिसतं म्हणून जुलैत जे जे काळं ते पूर, असं शिकवू नका. मुळशीत लावणीसाठी पाणी भरलेली खाचरंही काळीच दिसतात. उलट शहरात, इमारतींच्या मध्ये पाणी साचलं तर किरण पाण्यावर आणि भिंतीवर दोनदा आपटून परत येतो आणि तो भाग जास्त उजळ होऊ शकतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं ते आठवा. त्या वर्षी सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह एकच चालू होता, १२ दिवसांनी एक फेरी. पाणी काही तासांत चढलं आणि उतरलं. अशा वेळी 'चित्रात पूर दिसत नाही' आणि 'पूर आला नाही' यांतला फरक मुलांच्या हाडीमासी खिळला पाहिजे.

माळीणही शिकवा. ३० जुलै २०१४. दीडशेहून जास्त माणसं डोंगराखाली गेली. वर ढग होते. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोज जाणाऱ्या माणसाला काय असायला हवं ते माहीत होतं, म्हणून काय नाही ते दिसलं.

म्हणून माझी सूचना: सहा महिने जगभर फिरवू नका. एकच खोरं घ्या. मुठेचं. टेमघर, मोशीवरचं वरसगाव, आंबीवरचं पानशेत, खडकवासला, खाली संगमापर्यंत. धरणं आहेत, भात आहे, राब आहे, वणवे आहेत, फार्महाऊस आहेत, अतिक्रमण आहे, शहर आहे, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्याचा इतिहास आहे. लँडसॅटपासून निसारपर्यंत सगळी चित्रं त्याच खोऱ्याची द्या. प्रत्येक ऋतूत एकदा तिथे न्या. एक जागा इतकी ओळखीची झाली की दुसऱ्या जागी आपल्याला काय ठाऊक नाही ते कळायला लागतं.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात मोठं. प्रत्येक निष्कर्षापुढे टक्के लिहायला लावा. 'बहुधा', 'शक्यता नाकारता येत नाही' असलं काही नको. ७० टक्के की ९०, ते लिही. मग जमिनीवर जाऊन तपासा आणि गुण त्यावर द्या. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये सोपी रीत दिली. गोष्ट खरी निघाली तर १, खोटी निघाली तर ०. तुम्ही सांगितलेला आकडा आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करा. ९० टक्के म्हणालात आणि खोटं निघालं, दंड ०.८१. ६० म्हणालात आणि खोटं निघालं, ०.३६. सगळीकडे ५० लिहून पळायचं म्हटलं तर प्रत्येक वेळी ०.२५ बसतोच. तुमच्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातल्या लोकांना विचारा, पावसाचा अंदाज देणाऱ्यांना हे नवं नाही. चित्र वाचणाऱ्यांना मात्र कोणी शिकवत नाही. जो छातीठोक बोलतो तो हुशार ठरतो, आणि त्याच्या हुशारीवर बॉम्ब पडतात किंवा कोणाचा तरी विमा नाकारला जातो.


भूगोलवाली:

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), प्रिंट काढून ठेवलंय. दोन अडचणी. विद्यापीठाच्या चौकटीत निम्मे गुण लेखी परीक्षेला द्यावेच लागतात. आणि टक्क्यांच्या निकालासाठी जमिनीवरचं सत्य कुठून आणायचं? प्रत्येक ठिपक्यापाशी वर्ग नेता येणार नाही.


चुना_आणि_दोरी:

जमिनीवरचं सत्य हा आमचा प्रांत. मी भूमापनातला माणूस. स्वामित्व योजनेत गावठाणांच्या ड्रोन मोजणीवर काम केलंय, पुरंदर आणि आसपास.

वरून बघणाऱ्यांना वाटतं ड्रोन उडाला की नकाशा झाला. ड्रोन उडायच्या आधी आम्ही गावात जाऊन प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुना टाकतो, घरमालकाला उभं करून. तो पांढरा पट्टा चित्रात येतो, त्यावरून १:५०० चा नकाशा. रात्री पाऊस पडला की चुना गेला, सकाळी परत पहिल्यापासून. आणि चित्र ५ सेंटिमीटरचं असलं तरी ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पागोळ्या भिंतीपुढे दोन फूट आलेल्या असतात. ते दोन फूट कोणाचे, यावर दोन भावांचं वीस वर्षं बोलणं नसतं. तुमच्या मुलाने कॉम्प्युटरवर छपराच्या कडेने रेघ मारली की त्याने त्या भांडणात एका भावाची बाजू घेतली. त्याला ते माहीतही नसतं.

मॅडम, सत्य गोळा करायला वर्ग प्रत्येक ठिपक्यापाशी न्यायची गरज नाही. नकाशा छापा, मोठा, ए-झिरो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. स्केचपेन ठेवा. संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन मिळतो. म्हातारी माणसं तर 'हे शेततळं आता नाही, ते माझ्या पुतण्याने बुजवलं' इथपर्यंत सांगतात. मुलांनी आधी टक्के लिहून पाकिटात बंद करायचे, मग हा नकाशा उघडायचा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काकांनी सांगितलेलं खोरं उत्तम, पण खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी आहे. पाषाण, खडकी, लोहगाव इकडेही संरक्षणाच्या जागा आहेत. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर लाल-पिवळं-हिरवं बघितल्याशिवाय कॉलेजचा ड्रोन बॅगेतून काढू नका. वरच्या अंगाला, हिरव्या भागात, उडवा, तेही ४०० फुटांच्या आत. दुसरं, गावाला आधी सांगा. २०२५ मध्ये पुरंदरच्या विमानतळासाठी ड्रोन सर्वेक्षण करायला गेले तेव्हा शेतकरी आडवे झाले. ज्याची अंजिराची बाग त्या चित्रात आहे, त्याला ड्रोनचा आवाज म्हणजे जमीन जाण्याचा आवाज वाटतो. विद्यार्थ्यांचा सराव आहे हे त्याला कसं कळणार? ग्रामसेवकाला पत्र, सरपंचांना फोन, आणि उडवताना गावातली दोन-चार पोरं सोबत घ्या.


कॉट_बेसिस:

मी असल्याच एका कोर्सचा विद्यार्थी आहे, म्हणून मुलांच्या बाजूने. आमच्याकडे बहुतेकांचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. ड्रोनचे फोटो जोडणाऱ्या वेबओडीएम सॉफ्टवेअरवर चारशे फोटो टाकले की रात्रभर पंखा ओरडतो आणि सकाळी एरर. रूममेट शिव्या घालतात ते वेगळंच. मॅडम, ऑर्थोमोझेक (फोटो जोडून केलेलं एकसंध, नकाशासारखं चित्र) तयार करूनच द्या. तो कसा बनतो ते एकदा चाळीस फोटोंवर दाखवा, पुरे.

थिअरीसाठी देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, प्रमाणपत्रही मिळतं. कार्टोसॅट उपग्रहाचं जमिनीच्या उंचीचं मॉडेल इस्रोच्या भुवन पोर्टलवर मोफत आहे. ज्या गोष्टी घरी बसून शिकता येतात त्यावर वर्गातला वेळ घालवू नका. काकांनी सांगितलेलं 'कागद परत' मात्र घरी बसून होत नाही.

एक शंका. कंपनीत लागल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष इमारतींच्या कडा गिरवायचंच काम मिळतं. तिथे 'दिसतं' आणि 'वाटतं' कोण विचारणार?


पायथन_पुणेकर:

@कॉट_बेसिस, कोणी विचारणार नाही, खरं आहे. पण गिरवता गिरवता "ही कडा मला ६० टक्केच पटते" असा एक कॉलम जो मुलगा आपणहून भरतो, त्याला मी गिरवायला फार दिवस ठेवत नाही. मॉडेलला नेमकी तीच ठिकाणं पुन्हा दाखवायची असतात.

काका, ब्रायरचं डोक्यात बसलं. आम्ही मॉडेलला हाच दंड लावतो, माणसाला लावायचं कधी सुचलं नाही. मॅडम, मुलांचे टक्के आणि निकाल टाकले की गुण काढून देणारी छोटी स्क्रिप्ट लिहून देतो. एकच खोरं मात्र मला अजून पटत नाही. मुठेचं खोरं तोंडपाठ झालेला मुलगा मराठवाड्यातल्या सोयाबीनपुढे काय करेल? शेवटचा महिना अनोळखी जागा द्या. लातूर द्या, नाहीतर थेट कच्छचं रण. तिथे त्याचे टक्के आपोआप खाली आले पाहिजेत. नाही आले तर तो नापास.


जुना_स्टिरिओस्कोप:

हे मान्य. अनोळखी जागेची सूचना माझ्यापेक्षा बरी आहे.


भूगोलवाली:

मग मी समितीपुढे असं मांडतेय. पाच महिने मुठेचं खोरं, सहावा महिना अनोळखी जागा. पायथन आणि प्रोजेक्शन पहिल्या आठवड्यापासून थोडं थोडं, स्वतंत्र महिना नाही. ड्रोन उडवायचं शिक्षण काढून टाकलं, ज्याला हवं त्याने डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेल्या केंद्रात जावं. ऑर्थोमोझेक तयार मिळेल. मशीन लर्निंग म्हणजे लेबलिंग आणि मॉडेलच्या चुका शोधणं, एवढंच. लेखी परीक्षेत चित्र छापून दोन रकान्यांचं उत्तर मागणार. त्याला नियमात कुठे बंदी दिसली नाही. समितीतल्या एका सरांनी "यात एआय कमी दिसतंय" म्हणून आत्ताच कपाळाला आठी घातलीय, ते बघून घेईन.

काका, एक विनंती. मुलांनी कसं लिहायचं त्याचा एक नमुना द्याल का? राबाचाच द्या. लहान हवा, पानभर नको.


जुना_स्टिरिओस्कोप:

घ्या. नमुना म्हणून रचलेला आहे, प्रत्यक्ष जागेचा नाही.

चित्र: सेंटिनेल-२, एप्रिलचा दुसरा आठवडा, ढग नाहीत. मागच्या ३० दिवसांत या जागेची वापरण्याजोगी चार चित्रं बघितली.

दिसतं: पूर्व उतारावर अकरा गडद ठिपके, प्रत्येकी दोन ते पाच पिक्सेल, म्हणजे साधारण दोन ते पाच गुंठे. एकमेकांना जोडलेले नाहीत. सगळे खाचरांच्या वरच्या कडेला, वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरात. पहिल्या दोन चित्रांत नव्हते. २० मीटरच्या इन्फ्रारेड पट्ट्यात लहान ठिपके शेजारच्या गवतात मिसळतात, त्यामुळे जळाल्याची खूण फक्त चार मोठ्या ठिपक्यांत नक्की म्हणता येते.

वाटतं: राब भाजलेली जागा, ८० टक्के. वणव्याचे तुकडे, १५ टक्के. दुसरं काही, ५ टक्के.

वणवा का नाही: वणवा उताराने वर चढतो, त्याच्या कडा जिभांसारख्या असतात, तो बांधापाशी थांबत नाही. इथे कडा सरळ आहेत आणि माथ्याकडे काही जळालेलं नाही.

मत कशाने बदलेल: पुढच्या चित्रात ठिपके एकमेकांना जोडले गेले किंवा माथ्याकडे सरकले तर वणव्याचे ६० करीन. जूनअखेरीस ढगातून फट मिळाली आणि याच ठिपक्यांवर आजूबाजूच्या आधी दाट हिरवं आलं, तर राबाचे ९५.

तपासणी: अकरापैकी तीन ठिकाणी माणूस पाठवावा. चार मोठ्या ठिपक्यांतलं एक, लहानांतली दोन. मोठ्यांवर माझा भरवसा जास्त आहे, म्हणून लहान जास्त तपासावेत.